महामार्गावर रडार डिटेक्टर विनाकारण का वाजतो आणि त्यावर काय करावे

किणी टोल नाका ते कागल हा रस्ता मोटारीने जेमतेम पाऊण तासाचा आहे. एवढ्या अंतरात काचेवर बसवलेला रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची आगाऊ सूचना देणारे यंत्र, दहा-बारा वेळा ठणाणा करतो आणि पोलिसांची गाडी मात्र एकदाही दिसत नाही, अशी तक्रार घेऊन लोक कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या कामावर येतात. यंत्र बहुधा परदेशातल्या नातेवाइकाने आणून दिलेले असते, त्याचे माहितीपत्रक हरवलेले असते आणि ‘पीस खराब लागला’ हा निकाल येण्याआधीच लागलेला असतो. माझा अनुभव नेमका उलटा आहे. यंत्र बहुधा चांगलेच असते. त्याला जे ऐकू येते ते खरोखरच हवेत असते. फक्त बोलणारा कोण आहे हे त्याला कळत नाही. म्हणून खोटा इशारा ‘बंद’ करण्याच्या मागे लागण्यापेक्षा ती लहर कोणाची आहे हे आधी शोधावे. ते सापडले की उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो.

त्याआधी कायद्याविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण हा भाग बहुतेक जण गाळतात. बिनतारी उपकरण जवळ बाळगण्यासाठी आपल्या देशात इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट, १९३३ पासून परवान्याची अट आहे आणि त्यातली व्याख्या केवळ लहरी सोडणाऱ्या नव्हे, तर त्या ग्रहण करणाऱ्या उपकरणापर्यंत पोहोचेल इतकी रुंद आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी सरकारी अधिकृततेची तरतूद आहे. परदेशात दुकानात मिळते म्हणून इथे ते लावण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. अमेरिकेतसुद्धा व्हर्जिनिया राज्यात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये डिटेक्टरला बंदी आहे. तेव्हा काचेवर चढवण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. जॅमर, म्हणजे पोलिसांचे रडार बिघडवणारे यंत्र, ही तर सरळ वेगळीच वस्तू आहे आणि तिच्या वाटेला जाऊ नये. तसले काम आम्ही दारातूनच परत पाठवतो.

यंत्र नेमके काय ऐकते

पोलिसांची वेग मोजणारी रडार बंदूक ठरावीक वारंवारतेची लहर रस्त्यावर सोडते, ती गाडीच्या पत्र्यावर आपटून परत येते आणि गाडी हलती असल्यामुळे परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित बदललेली असते. १८४२ मध्ये ऑस्ट्रियाच्या क्रिस्तियान डॉपलरने मांडलेल्या तत्त्वावर हा हिशेब चालतो. २४.१५ गिगाहर्ट्झची लहर असेल आणि गाडी समोरून ताशी १०० किलोमीटरने येत असेल, तर फरक साधारण साडेचार हजार हर्ट्झचा पडतो आणि त्यावरून बंदूक वेग सांगते. हा सगळा हिशेब बंदुकीचा आहे. डिटेक्टर यातले काहीही करत नाही. तो निव्वळ एक रेडिओ आहे. तो स्वतःच्या पोटात एक लहर तयार करतो, बाहेरून आलेली लहर तिच्यात मिसळतो आणि त्या मिश्रणातून बाहेरच्या लहरीची वारंवारता ओळखतो. पूर्वी घराघरातला ट्रान्झिस्टर आकाशवाणीचे सांगली केंद्र ज्या सुपरहेटरोडाइन पद्धतीने लावायचा, तीच ही पद्धत. त्यामुळे डिटेक्टरला दोनच गोष्टी कळतात : लहर कोणत्या वारंवारतेची आहे आणि तिचा जोर किती आहे. ती पोलिसाच्या हातातल्या बंदुकीतून आली की शोरूमच्या आपोआप उघडणाऱ्या दारावरून आली, हे सांगणारे कोणतेही चिन्ह त्या लहरीवर लिहिलेले नसते.

यातच दुसरी मेख आहे. लहरीचा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. बंदुकीला जाऊन परत आलेला प्रतिध्वनी ऐकायचा असतो, म्हणून तिच्या बाबतीत ही घट अंतराच्या चौथ्या घाताने होते. डिटेक्टरला मात्र एकेरी वाटेवरची ताजी लहर मिळते. बंदुकीला गाडी मोजता येण्याच्या कितीतरी आधी डिटेक्टर बंदुकीची लहर ऐकतो तो यामुळेच, आणि रस्त्यापासून आत असलेल्या दुकानाचे क्षीण यंत्रही त्याला ऐकू येते तेही यामुळेच. जो कान तिखट आहे म्हणून आपण जास्त पैसे मोजले, तोच कान आता त्रास देतो, एवढाच त्याचा अर्थ.

रडारचे पट्टे तीन लक्षात ठेवावेत. एक्स बँड १०.५२५ गिगाहर्ट्झच्या आसपास, के बँड साधारण २४.०५ ते २४.२५ आणि केए बँड ३३.४ ते ३६. याशिवाय लेझर ही स्वतंत्र जात आहे. तिच्यात रेडिओ लहर नसून सुमारे ९०५ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. खोट्या इशाऱ्यांचे माहेरघर म्हणजे के बँड. २४ ते २४.२५ गिगाहर्ट्झ हा पट्टा जगभर उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय वापरासाठी मोकळा ठेवलेला आहे, त्यामुळे हालचाल ओळखणारे स्वस्त सेन्सर नेमके याच पट्ट्यात बनतात. पोलिसांच्या बंदुका आणि दुकानांची दारे एकाच आळीत राहायला आली आहेत, असे म्हटले तरी चालेल.

खरे आरोपी

पहिला आणि सर्वांत मोठा आरोपी म्हणजे शेजारून जाणारी नवी मोटार. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत ब्लाइंड स्पॉटसाठी, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातले वाहन ओळखण्यासाठी, छोटे रडार बसवलेले असते आणि त्यातली बरीच २४ गिगाहर्ट्झवर चालतात. तुम्ही तिच्या मागे किंवा बाजूला असता तेव्हा हे रडार थेट तुमच्याकडेच तोंड करून असते. अशा इशाऱ्याची खूण अशी, की तो जागेला चिकटलेला नसतो, गाडीला चिकटलेला असतो. ती गाडी बरोबर चालते तोवर आवाज खालीवर होत राहतो आणि ती पुढे निघून गेली की मिटतो. एका गृहस्थांनी पुण्याला जाताना पेठ नाक्यापासून थेट साताऱ्यापर्यंत डिटेक्टर गप्प बसला नाही म्हणून तो फेकून द्यायची तयारी केली होती. चौकशीत कळले की पुढे त्यांच्याच मेव्हण्यांची नवी गाडी होती आणि दोन्ही गाड्या ठरवून एकत्र चालल्या होत्या. नव्या मोटारींमध्ये हे रडार हळूहळू ७७ गिगाहर्ट्झकडे सरकत आहे आणि तो पट्टा डिटेक्टर ऐकतच नाही. अंतर राखून चालणाऱ्या क्रूझ कंट्रोलचे पुढचे रडार तर बहुतेक आधीपासूनच तिथे आहे. म्हणजे हा त्रास काळानुसार कमी होईल, पण आज रस्त्यावर असलेल्या गाड्या आणखी बरीच वर्षे धावणार आहेत.

दुसरा आरोपी आपोआप उघडणारी दारे. शिरोलीच्या पुलापासून गोकुळ शिरगावपर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना मोटारींची शोरूम आणि हॉटेले आहेत. दारावरचा सेन्सर खाली, उंबऱ्याकडे पाहत असला तरी त्याची लहर काचेतून आणि फरशीवरून निसटून रस्त्यापर्यंत येते. तिचा जोर कमी असतो, ती थोड्याच अंतरात संपते आणि दरवेळी त्याच ठिकाणी भेटते. ‘आपला वेग’ दाखवणारे विजेचे फलक आणि खांबावर बसवून वाहने मोजणारे सेन्सरही याच जातीचे आहेत. ते खरेखुरे रडारच असल्याने त्यांचा जोर दारापेक्षा बराच अधिक असतो, आणि नवखा माणूस फसतो तो तिथे.

तिसरा आरोपी म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी डिटेक्टर. वर सांगितलेली पोटातली लहर नीट कोंडली नसेल तर थोडी बाहेर गळते. ती लहर ११.५ गिगाहर्ट्झच्या आसपास असेल तर तिची तिप्पट, म्हणजे ३४.५, बरोबर केए बँडमध्ये पडते. महाग यंत्रांत ही गळती कमी असते, स्वस्त यंत्रांत पुष्कळ. काही देशांतले पोलीस याच गळतीवरून डिटेक्टर बाळगणाऱ्याला पकडतात.

आता ज्यांच्यावर विनाकारण आळ येतो त्यांच्याविषयी. उजळाईवाडीच्या बाजूने जाताना यंत्र वाजले की ‘विमानतळाचे रडार’ हे उत्तर तयार असते. विमानतळांवरची टेहळणी रडार साधारण २.७ ते २.९ गिगाहर्ट्झवर चालतात. डिटेक्टरचा सर्वांत खालचा पट्टा १०.५ च्या वर सुरू होतो, तेव्हा हा आळ टिकत नाही. मोबाइलच्या मनोऱ्यांचेही तेच. आपला ४जी २.७ गिगाहर्ट्झच्या आत आहे, महामार्गावर भेटणारा ५जी मुख्यतः ०.७ किंवा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झवर आहे आणि मनोऱ्यावरच्या गोल तबकड्या ७, १५, १८ अशा वारंवारतांवर एकमेकींशी बोलतात. एमआयडीसीतल्या टाक्यांवर पातळी मोजणारे रडार असते, ही गोष्ट खरी. मलाही काही काळ त्याचाच संशय होता. पण ती यंत्रे बहुतांशी ६, २६ किंवा ८० गिगाहर्ट्झची आणि लोखंडी टाकीच्या आत तोंड केलेली असतात. तिथे वाजवते ते बहुधा गोदामाचे दार. खरे कारण न शोधता मनोऱ्याला शिव्या देणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे आहे.

आवाज एकीकडून येतो आणि उगम भलतीकडे असतो, हा गोंधळही समजून घ्यावा. के बँडच्या लहरीची लांबी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास असते आणि पत्र्याचा कोणताही मोठा पृष्ठभाग तिला आरशासारखा परतवतो. समोर कंटेनर असेल तर मागे राहिलेल्या शोरूमच्या दाराची लहर त्यावर आपटून समोरून आल्यासारखी भासते. गाळपाच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉलीमुळे मात्र असे फारसे होत नाही, कारण ओला ऊस लहर परतवण्यापेक्षा शोषतो अधिक. पण त्याच ट्रॉल्या कारखान्यावर रिकाम्या होऊन परतू लागल्या की उघड्या पत्र्याचा परिणाम दिसतो. पावसात डिटेक्टर जास्त वाजतो असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. जोरदार पाऊस या लहरी क्षीण करतो, त्यामुळे इशारा उशिरा मिळतो.

लेझरचा खोटा इशारा क्वचित येतो आणि त्याची कारणे निराळी असतात. कागलहून संध्याकाळी परतताना डावीकडून तिरपे येणारे ऊन, अतिवेगाने लुकलुकणारे एलईडी दिवे, किंवा टक्कर टाळण्यासाठी काही मोटारींत बसवलेले ९०५ नॅनोमीटरचे लेझर यांनी डिटेक्टर फसतो.

घरची तपासणी आधी

डिटेक्टर घेऊन थेट महामार्गावर जाऊ नये. वस्तीपासून दूर, ज्याच्या आसपास दुकान किंवा शोरूम नाही असा मोकळा रस्ता किंवा शेताची कड गाठावी आणि सकाळी रहदारी नसताना गाडी उभी करावी. प्रथम इंजिन बंद ठेवून, शक्य असेल तर डिटेक्टरला वेगळ्या बॅटरीवर चालवून पाच मिनिटे पाहावे. इथेच वाजला तर जागा बदलून पुन्हा पाहावे. शांत राहिला तर किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवावी, मग इंजिन सुरू करावे, मग पंखा, वायपर, दिवे, डॅशकॅम आणि मोबाइल चार्जर एकेक करून चालू करावेत, आणि प्रत्येकानंतर थोडे थांबावे. ज्या क्षणी आवाज येतो त्या क्षणी चालू केलेली वस्तूच दोषी असते. माझ्या पाहण्यात स्वस्त यूएसबी चार्जर हा इथला सराईत गुन्हेगार आहे. तो बदलावा, किंवा डिटेक्टरची वायर फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र काढून घ्यावी आणि तिच्यावर फेराइटची, म्हणजे वायरीतला विजेचा गोंगाट दाबणारी, कडी बसवावी. लायटरच्या सॉकेटमध्ये तीन तोंडांचा जोड लावून त्यावर सगळे चालवण्याची पद्धत सोडून द्यावी.

तुमच्याच गाडीत ब्लाइंड स्पॉटचे रडार असेल तर उभ्या गाडीवर ते बहुधा झोपलेले असते, म्हणून गाडी मागच्या गिअरमध्ये टाकून आणि नंतर त्याच रिकाम्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवूनही पाहावे. वेग वाढताच आवाज सुरू होत असेल आणि आसपास कोणी नसेल, तर आरोपी घरातच आहे. अशा वेळी आपली सुरक्षायंत्रणा बंद करण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा; ब्लाइंड स्पॉटचा दिवा जीव वाचवतो आणि डिटेक्टर फार तर दंड वाचवतो.

यंत्र बसवण्याची जागाही महत्त्वाची आहे. ते काचेच्या वरच्या भागात, आडव्या पातळीत आणि समोर मोकळी दृष्टी मिळेल असे असावे; मात्र चालकाच्या नजरेआड रस्त्याचा कोणताही भाग जाता कामा नये. धातूचा मुलामा असलेली काच किंवा फिल्म लहर अडवते, मग दूरची खरी लहर हरवते आणि जवळच्या दाराची जोरदार लहर तेवढी आत येते. गणपतीची मूर्ती, फास्टॅग आणि आरसा यांच्या गर्दीत कोंबलेला डिटेक्टर मी अनेकदा बाहेर काढला आहे.

रस्त्यावरची नोंद

यानंतर एक वही आणि शेजारच्या सीटवर लिहिणारा माणूस हवा. चालकाने स्वतः लिहू नये. ज्या रस्त्याने तुम्ही वारंवार जाता तो तुकडा घ्यावा, उदाहरणार्थ तावडे हॉटेल ते कागल, आणि त्याच लेनमधून दोन्ही दिशांनी किमान तीन वेळा, शक्यतो वेगवेगळ्या वेळी जावे. प्रत्येक इशाऱ्यासमोर किलोमीटरचा दगड किंवा जवळची खूण, पट्टा, यंत्र दाखवत असेल तर नेमकी वारंवारता, जोर हळूहळू वाढला की एकदम आला, आणि त्या क्षणी शेजारी कोणती वाहने होती, एवढे लिहावे. शेवटचा रकाना लोक कंटाळून सोडतात आणि नेमका तोच सर्वांत उपयोगी पडतो. तिन्ही वेळा त्याच खुणेला त्याच वारंवारतेवर वाजले तर ते दार, फलक किंवा खांबावरचा सेन्सर. एकदाच वाजले, जोर खालीवर होत राहिला आणि शेजारी नवी मोटार होती, तर ती मोटार. दूरवरून क्षीण सुरू होऊन एकसारखा चढत गेला आणि एखादी जागा ओलांडताच कोसळला, तर ते रस्त्याकडे रोखलेले रडार आहे, मग ते पोलिसांचे असो वा वेगाच्या फलकाचे. अजिबात पूर्वसूचना न देता एकदम पूर्ण जोराने आलेला इशारा कधीही खोटा समजू नये, कारण बंदूक गरजेपुरती क्षणभर दाबूनही मोजता येते.

नोंद हाती आली की मगच यंत्राच्या सेटिंगला हात लावावा. ज्या भागात एक्स बँड वापरात नाही तिथे तो बंद करावा; त्या पट्ट्यात चालणारी दारे तिथेच गप्प होतात. के बँड पूर्ण बंद करू नये, त्याची गाळणी (फिल्टर) चालू करावी. ब्लाइंड स्पॉटचे रडार एकाच वारंवारतेवर थांबत नाही, ते सतत वरखाली सरकत असते, आणि नव्या यंत्रांतली गाळणी या सरकण्यावरूनच त्याला ओळखून वगळते. तिचा मोबदला म्हणून खरा इशाराही क्षणभर उशिरा मिळतो. गावात ‘सिटी’ आणि महामार्गावर ‘हायवे’ ही सवय ठेवावी, कारण अनेक यंत्रांत सिटीवर संवेदनशीलता उतरवलेली असते आणि लोक ती तशीच विसरून पुण्याला पोहोचतात.

जीपीएस असलेल्या यंत्रात ठरावीक जागेचा ठरावीक इशारा कायमचा गप्प करता येतो. ही सोय उत्तम आहे आणि तिचाच सर्वाधिक दुरुपयोग होतो. पहिल्याच फेरीत चिडून बटण दाबू नये. तीन फेऱ्यांत तेच दिसले तरच जागा कुलूपबंद करावी, आणि ते करताना शेजारी ब्लाइंड स्पॉटवाली गाडी नाही याची खात्री करावी, नाहीतर निघून जाणाऱ्या गाडीचा इशारा एखाद्या निष्पाप पुलाच्या नावावर कायमचा चढतो. दर सहा महिन्यांनी, विशेषतः दिवाळीनंतर, कुलपांची यादी पुसून पुन्हा नोंद करावी. दुकाने बदलतात, दारे बदलतात, फलक हलतात.

जे तो ऐकूच शकत नाही

एवढे करून डिटेक्टर शहाणा झाला तरी त्याच्या शांततेचा अर्थ ‘रस्ता मोकळा आहे’ असा लावू नये. आपल्याकडे महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर वाहनांतून लेझरवर चालणाऱ्या स्पीड गन वापरल्या जातात. लेझरची शलाका ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असते आणि सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात वेग मोजून होतो; डिटेक्टर ओरडतो तेव्हा तुमचा आकडा बहुधा त्यांच्या पडद्यावर आलेला असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या यंत्रणेसारखे सरासरी वेग काढणारे कॅमेरे तर नंबर प्लेट वाचून दोन ठिकाणांमधला वेळ मोजतात. त्यात ऐकण्यासारखी लहरच नाही.

अशा कॅमेऱ्यांची जागा कळण्यासाठी मात्र यंत्राची गरजच पडत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये घातलेल्या नियम १६७-अ नुसार इलेक्ट्रॉनिक देखरेख असलेल्या रस्त्यावर ठळक दिसतील असे सूचनाफलक लावायचे असतात आणि गुन्ह्याची नोटीस पाठवण्यासाठी त्या वेळी १५ दिवसांची मुदत ठेवली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या मोटारीला वेगाबद्दल १,००० ते २,००० रुपये दंड आहे. गेल्या वर्षी ज्यांच्या डिटेक्टरची वही आम्ही भरून दिली, त्या ग्राहकाने सगळी कुलपे बसवल्यावर किणी ते कागल यंत्र फक्त दोनदा वाजले. दोन्ही वेळा समोर वेग दाखवणारा फलक होता, आणि दुसऱ्या फलकावर आकडा लाल रंगात होता.